लसूण नको, असे सांगितले होते

“मॅडम, तुमची चटणी आमच्या टायगरला लई आवडली.”

साक्षी हे अगदी मनापासून म्हणाली. भावना तेव्हा प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाची भिंगे पुसत होती. परतूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायला लागल्यापासून विद्यार्थ्यांनी तिचे आभार नाना कारणांसाठी मानले होते. चटणीसाठी कुणी मानले नव्हते.

“कसली चटणी?”

“जवसाची. कुत्र्याच्या केसांसाठी तुम्ही सांगितली न्हाई का? काकासाहेबांच्या ग्रुपवर आल्ती. मम्मी म्हणली, कुत्र्याला कुणी लसणाची चटणी देत असतं का. तर पप्पा म्हणले, मॅडम एमेस्सी हायेत, त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं.”

साक्षीने मोबाइल पुढे धरला. मजकुराच्या डोक्यावर जोडलेले हात आणि गुलाबाचे फूल होते. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘आपल्या परतूरच्या भावना मॅडम, एम.एस्सी. प्राणिशास्त्र, यांचा कुत्र्यांसाठी चमत्कारी खुराक. शंभर टक्के गुण.’ त्यानंतर उकडलेले अंडे आले, डांगर म्हणजे लाल भोपळा आला, शेवग्याचा पाला आणि कलेजी आली. इथपर्यंत भावनाला आपलेच शब्द ओळखू येत होते. पुढची ओळ तिने दोनदा वाचली. ‘जवसाची चटणी, रोज एक गड्डी लसूण घालून कुटलेली. लसणाने गोचीड पळतात, रक्त शुद्ध होते, केस आरशासारखे चमकतात.’

“रक्त शुद्ध होते,” ती मोठ्याने म्हणाली.

“काही चुकलं का मॅडम?”

“टायगर केवढा आहे?”

“मोठाय की. अल्सेशियन हाय.”

“आणि लसूण किती घालता?”

“मम्मी लई न्हाई टाकत. एखादी पाकळी. लसणाचा भाव बघून टाकती.”

लसणाच्या चढ्या भावाबद्दल भावनाला आयुष्यात प्रथमच कृतज्ञता वाटली. “घरी फोन कर,” ती म्हणाली. “ती पाकळीसुद्धा बंद. आणि हे मी सांगितलेलं नाही. मी याच्या बरोबर उलट सांगितलेलं आहे.”

हे सांगताना तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता. तिला ओळखणाऱ्यांना ठाऊक होते की, भावनाचा आवाज चढला तर घाबरण्याचे कारण नसते. उतरला तर असते.

तिने जे सांगितले होते ते असे. तिच्याकडे लाली नावाची गावठी कुत्री होती. पावसाळ्यानंतर लालीची कातडी कोरडी पडली, पाठीवर कोंडा धरला, केस राठ होऊन झडू लागले आणि ती दिवसभर खाजवत बसे. पशुवैद्यांनी गोचिडांवर औषध दिले आणि विचारले, खायला काय घालता? पोळी आणि दूध, असे उत्तर होते. भावनाच्या आईने, बेबीनंदाने, ते मोठ्या अभिमानाने दिले होते.

मग भावनाने वाचले, डॉक्टरांना विचारले आणि नेहमीच्या खाण्यावर घालायचे एक ताजे कालवण ठरवले. परदेशी डब्यांवर त्याला टॉपर म्हणतात. त्यांच्या घरात त्याला नुसते ‘वरचं’ म्हणू लागले. उकडलेले अंडे, वाफवलेले डांगर, शेवग्याचा चिरलेला पाला, कलेजीचा लहानसा तुकडा आणि कोरडे भाजून बारीक दळलेले जवस. मीठ नाही, तिखट नाही, तेलाची फोडणी नाही. प्रमाणही बेताचे, मूळ अन्नावर पसरेल एवढेच. कारण जास्त कलेजी म्हणजे जास्त आरोग्य, असे यकृतशास्त्रात कुठे लिहिलेले नाही.

“बिनफोडणीचं?” बेबीनंदाने पातेल्यात डोकावून विचारले होते. “आजाऱ्याला पण आम्ही जिऱ्याची फोडणी देतोत. कुत्रीनं काय पाप केलंय?”

हिवाळा लागेपर्यंत लालीच्या अंगावर पुन्हा तांबूस, मऊ केस आले. शेजारच्या काकासाहेबांनी ते कुंपणाच्या भिंतीवरून पाहिले आणि विचारले. काकासाहेबांची गावाकडे जमीन होती, परतुरात सरकी पेंडीचे आणि जनावरांच्या खाद्याचे दुकान होते, आणि जनावरे पाळणाऱ्यांचा एक भलामोठा ग्रुप ते चालवत. माणूस दिलदार. कुणाची म्हैस अडली तर आपली गाडी काढून धावणारा. भावनाने त्यांना सगळे सविस्तर सांगितले आणि शेवटी दोन गोष्टी मुद्दाम सांगितल्या. एक, लसूण आणि कांदा अजिबात नको, कुत्र्यांच्या रक्ताला ते बाधतात. दुसरी, गोचिडांचे औषध आणि हे खाणे एकाच वेळी सुरू झाले, त्यामुळे लालीच्या केसांचे श्रेय नेमके कुणाचे ते आपल्याला सांगता येणार नाही.

“तुम्ही लई डोकं लावता मॅडम,” काकासाहेब कौतुकाने म्हणाले होते.

त्या दोन्ही गोष्टी त्यांनी काढून टाकल्या होत्या. पहिलीच्या जागी तिच्या नेमकी विरुद्ध गोष्ट ठेवली होती, आणि दुसरीच्या जागी शंभर टक्के.

कॉलेज सुटल्यावर भावना स्वतःच्या घरी न जाता थेट त्यांच्या फाटकात शिरली. काकासाहेब अंगणात खुर्ची टाकून फोनवर बोलत होते.

“या, या मॅडम! तुमचाच विषय चालू हाये. पार सेलूपासून फोन येऊन राह्यले. उषा, मॅडमला चहा ठिव.”

“काकासाहेब, लसूण नको, असं मी सांगितलं होतं.”

“हां. सांगितल्तं की.”

“मग?”

“मंग काय मॅडम, जवस म्हणलं की चटणी आलीच. घरोघर बरणी भरलेली असती. कोरडं जवस येगळं भाजा, येगळं दळा, एवढं कुत्र्यासाठी कोण करतंय? लोकांना सोपं पाहिजे. अन् चटणी म्हणली की लसूण आला. बिनलसणाची जवसाची चटणी तोंडात तरी घालवती का?”

“तुमच्या तोंडात घालायची नव्हती.”

काकासाहेब मोकळेपणाने हसले. आपण विनोद केलेला नाही, हे भावनाने त्यांना चेहऱ्यावरून समजू दिले.

“अहो, लसूण म्हणजे काय मसाला हाय का? औषध हाय ते. आमच्या म्हशींना पोट फुगलं की आम्ही लसूणच देतोत. बिलकुल गुण येतो.”

“म्हैस चारशे किलोची असते. आणि ती कुत्रा नसते.”

“ते बराबर हाये.”

“आणि नाव माझं का घातलंत?”

“मी टाकलं असतं तर कोण ऐकलं असतं? मी पेंड विकणारा माणूस. तुमच्या डिग्रीला वजन हाये.”

 भावनाने शेजारचे आपले घर बांधले तेव्हा काकासाहेब घरभरणीला आले होते. हॉलमधल्या बुद्धमूर्तीला हात जोडून, आहेराचे पाकीट देऊन, चहा ‘आत्ताच झाला’ म्हणत दारातून परतले होते. त्यानंतर इतकी वर्षे ते जेव्हा जेव्हा आले तेव्हा त्यांचा चहा आत्ताच झालेला असे. तिने त्याचा कधी उच्चार केला नव्हता. पण जिच्या कपातला चहा यांच्या घशाखाली उतरत नाही, तिची पदवी मात्र न विचारता गावभर वाटायला यांना काही अडचण आली नाही, हे गणित तिने आज पहिल्यांदा पुरते मांडले, आणि उत्तर पाहून तिची कानशिले तापली.

“नाव माझं, डोकं तुमचं,” ती म्हणाली. “आणि पोट कुत्र्यांचं.”

एवढे बोलल्यावर तिच्या लक्षात आले की अंगण फार शांत आहे. काकासाहेबांचा पांढरा पॉमेरेनियन तिच्यावर भुंकल्याशिवाय तिला फाटकात कधीच शिरू देत नसे. वजनाने जेमतेम चार किलो असलेल्या या प्राण्याचे नाव कलेक्टर होते; आपल्या दारात कलेक्टर बसतो, असे पाहुण्यांना सांगता यावे म्हणून काकासाहेबांनी ते ठेवले होते.

“कलेक्टर कुठंय?”

“बाजंखाली. जरा मलूल हाये. उन्हाळी लागलीय त्याला, लघवी लाल होऊन राह्यली. उषा धन्याचं पाणी पाजतीय.”

“उन्हाळी? ऐन थंडीत?”

“उन्हाळी बारा महिने लागती मॅडम.”

भावना बाजेशेजारी बसली. कलेक्टर तिच्याकडे पाहून उठायचा प्रयत्न करीत होता आणि त्याला ते जमत नव्हते. श्वास भराभर चालला होता. तिने त्याचा वरचा ओठ बोटाने उचलला. गुलाबी असायला हवी ती हिरडी खडूसारखी पांढरी होती, आणि तिच्यावर पिवळट झाक होती.

“रोज किती दिलात याला?”

“आपण हातचं राखत न्हाई. दोन्ही टायमाला मिळून एक गड्डी. पंधरवडा झाला असंल. मिटक्या मारीत खायचा.”

“ही उन्हाळी नाही. याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटताहेत आणि त्यांचा तांबडा रंग लघवीतून बाहेर पडतोय. गाडी काढा.”

“आत्ता? दुकानात माल उतरायचाय...”

“काकासाहेब,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज प्रयोगशाळेतल्यापेक्षाही खाली उतरला. “गाडी काढा.”

रक्त तपासायची सोय जालन्यात होती. काकासाहेबांच्या बायकोला, उषाबाईंना, गाडी लागत असे, म्हणून त्या घरीच थांबल्या. त्यांनी कलेक्टरला आपल्या जुन्या शालीत गुंडाळून भावनाच्या मांडीवर ठेवले आणि तिच्या दंडाला हात लावला. “तुम्ही हायेत म्हणून बरं. तुम्हीच सांगितलेलं देत व्हते बघा मी, एक दिस चुकवला न्हाई.”

भावनाला त्या वाक्याचा अर्थ कळायला एक क्षण लागला. तिने तोंड उघडले, तोवर काकासाहेबांनी गाडी रस्त्यावर घेतली होती.

 जुन्या जालन्यात, धान्याच्या ठोक दुकानांच्या गल्लीत, पोती उतरवणाऱ्या टेम्पोमागे गाडी अडकली तेव्हा काकासाहेबांनी हॉर्नवर तळहात दाबला तो उचललाच नाही. पुढचा रिक्षावाला मागे वळून ओरडला, “ओ मामा, लग्नाला निघाले का?”  त्यांचे लक्ष आरशातून मागच्या शालीकडे होते.

डॉ. राजानंद यांचा दवाखाना गल्लीच्या टोकाला होता. तरुण, थोडके बोलणारे डॉक्टर. भावनाने काही सांगण्याआधीच त्यांनी कुत्र्याला टेबलावर घेतले, पायातून रक्त काढले, काचपट्टीवर त्याचा पातळ थर पसरून रंग दिला आणि भिंगाखाली धरला. मग मान न उचलता विचारले, “कांदा की लसूण?”

भावनाला या प्रश्नाचे फार मोल वाटले. याला कुणी काही सांगितले नव्हते. याने रक्त पाहिले होते.

“लसूण,” ती म्हणाली. “रोज एक गड्डी.”

“या एवढ्याशा जिवाला?” डॉक्टरांनी आता मान उचलली. “कुणी सांगितलं?”

काकासाहेबांनी छताच्या पंख्याकडे पाहिले. पंखा बंद होता.

डॉक्टरांनी तिला भिंगातून पाहू दिले. तांबड्या पेशींच्या कडांना लहान लहान फोडांसारखे उंचवटे आले होते. जागोजागी नुसती फुटकी टरफले पडली होती. वर्गात तिने रक्ताच्या कितीतरी काचपट्ट्या दाखवल्या होत्या, ही अशी नव्हती. रक्ताचे प्रमाण निम्म्याहून खाली आले होते. सलाईन लावून ठेवून घेऊ, डॉक्टर म्हणाले. आणखी उतरले तर दुसऱ्या कुत्र्याचे रक्त द्यावे लागेल. लसूण थांबल्यावर शरीर नवीन पेशी तयार करते, तेवढा वेळ हा टिकला पाहिजे. टिकेलच असे त्यांनी म्हटले नाही.

बाहेरच्या बाकावर काकासाहेबांचा बांध फुटला. एवढा मोठा माणूस रुमालात तोंड घालून रडत होता. “माझ्या हातानं मारलं मी त्याला. घरी गेल्या गेल्या ते काढून टाकतो मॅडम. ग्रुपवर लिहितो, माझी चूक झाली म्हणून. कलेक्टरची शपथ.”

भावनाचा राग तेवढ्यापुरता निवला. रडणारा माणूस खोटे बोलत नसतो, असा तिचा समज होता. तोही कुठे तपासून घेतलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर मजकूर आला. काकासाहेबांनी रात्रीच तिला मानाने ग्रुपात घेतले होते, त्यामुळे तो तिला आपल्याच मोबाइलवर वाचायला मिळाला. ‘आपला लाडका कलेक्टर उन्हाळीच्या त्रासाने जालना येथे ॲडमिट आहे. भावना मॅडम स्वतः सोबत आल्या होत्या, त्यांचे आभार. खुराक चालू ठेवण्यास हरकत नाही. लसूण जरा बेताने घालावा.’

जरा बेताने! बेबीनंदा सांगते की त्या सकाळी भावनाने हातातला चहाचा कप इतक्या हळू खाली ठेवला की तिला भीतीच वाटली.

भावनाने तिथल्या तिथे सविस्तर लिहिले. लसणातली कोणती द्रव्ये तांबड्या पेशींना इजा करतात, माणसाला ते का बाधत नाही, कुत्र्याला का बाधते, चुकून गेलेली एखादी पाकळी आणि रोजची गड्डी यांत फरक काय, लहान चणीच्या कुत्र्यांना धोका अधिक का, कोणती लक्षणे दिसताच दवाखाना गाठायचा. एकही शब्द जास्त नव्हता, एकही कमी नव्हता. उत्तरादाखल अंगठे आले. एकाने लिहिले, ‘छान माहिती.’ दुसऱ्याने सूर्योदयाचे चित्र टाकले. तिसऱ्याने विचारले, ‘पण काकासाहेब म्हणतेत हरकत नाही?’ दुपारपर्यंत तिचा मजकूर म्हैस विकण्याच्या दोन जाहिरातींखाली गाडला गेला होता. ग्रुपात दोनशेवर माणसे होती, म्हणजे तितक्याच दारांत तिच्या नावाने लसूण कुटला जाण्याची शक्यता होती. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुकान गाठले.

पेंडीच्या वासाने भरलेल्या दुकानात काकासाहेब पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले होते. तिला पाहून त्यांनी गिऱ्हाइकाला वाटेला लावले.

“सकाळीच डॉक्टरचा फोन आल्ता,” ते घाईने म्हणाले. “आणखी उतरलं न्हाई म्हणले.”

“ऐकून बरं वाटलं. आता तो मजकूर काढा.”

“मॅडम, जरा समजून घ्या ना. उषाच्या चटणीला आख्ख्या तालुक्यात नाव हाये. बचत गटाच्या बायका तिच्याकडून शिकून जातेत. पोरीच्या सासरी बरण्या जातेत. उद्या लोक काय म्हणतील? उषाबाईच्या चटणीनं कुत्रं मरायला टेकलं म्हणतील.”

“माझ्या नावानं तोच मजकूर फिरतोय. मला काय म्हणतील?”

“तुम्हाला कोण काय म्हणणार! तुम्ही शिकलेल्या.” मग त्यांचा चेहरा उजळला, रात्रभर शोधलेली वस्तू सापडावी तसा. “अन् तुम्हीच म्हणल्ता ना मॅडम, दोन गोष्टी एकदम झाल्या की श्रेय कुणाचं ते सांगता येत न्हाई? मंग दोष कसा सांगता येतो? थंडी पडलीय, गोचीड हायेत, गोचिडानं पण रक्त जातं. आपल्या ग्रुपातल्या बद्रीनाथचं बारकं कुत्रं मागच्या आठवड्यात गेलं. ते पण चटणी खात व्हतं. लसणानंच मेलं का? सांगा, छातीवर हात ठिवून सांगा.”

भावनाला छातीवर हात ठेवायची गरज नव्हती. “ते मला सांगता येणार नाही,” ती म्हणाली. “त्याचं रक्त कुणी तपासलं नाही.”

“झालं मंग!”

हे ‘झालं मंग’ तिला त्या सगळ्या मजकुरापेक्षा झोंबले. खरे बोलण्याची शिक्षा म्हणून आपलेच वाक्य आपल्या तोंडावर येऊन आदळावे, याला विज्ञानात नाव नव्हते. व्यवहारात मात्र हे रोज घडत असावे.

“नीट ऐका,” ती म्हणाली. “लालीचे केस कशानं सुधारले याबद्दल मला शंका होती. ती तुम्हाला सांगितली, तर तुम्ही ती पुसून तिथं शंभर टक्के लिहिलंत. तेव्हा माझी शंका तुमच्या कामाची नव्हती. आज बद्रीनाथच्या कुत्र्याबद्दल मी प्रामाणिकपणे ‘माहीत नाही’ म्हणते, तर तेच उशाला घेऊन तुम्ही झोपायला निघालात. कलेक्टरबद्दल मला शंका नाही. डॉक्टरांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी रक्त बघून विचारलं, कांदा की लसूण. तुम्ही तिथंच उभे होतात. पंख्याकडे बघत होतात.”

“कसला लसूण?”

उषाबाई दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. हातात जेवणाचा डबा होता. त्यांनी किती ऐकले होते ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते, पण त्यांनी भावनाकडेच पाहून पुन्हा विचारले, “मॅडम, कसला लसूण?”

“उषा, तू घरी जा. मी आलोच,” काकासाहेब म्हणाले.

“उषाबाई,” भावना म्हणाली, “लसूण कुत्र्याला बाधतो. कलेक्टरची अवस्था त्यानंच झाली. मी यांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, लसूण अजिबात घालू नका.”

उषाबाईंनी डबा पेंडीच्या पोत्यावर ठेवला. “मला हे म्हणले, मॅडमनं लसूण सांगितलाय. एक गड्डी. मी म्हणलं सुद्धा, एवढं तिखट त्या बारक्या जिवाला? तर म्हणले, तुला काय कळतं, मॅडम शिकलेल्या हायेत.”

काकासाहेब पोत्याच्या तोंडाची सुतळी नीट करू लागले. ती नीटच होती.

“रोज कुटायची मी,” उषाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. “सोलायची, कुटायची, तूप लावून अंड्यात कालवायची. तो माझा हात चाटून काढायचा. अन् तुम्ही मला धन्याचं पाणी पाजाया लावलं! आहो, काल जालन्याहून आल्यावर पण मला उन्हाळीच सांगितली!”

“अगं, तुला वाईट वाटंल म्हणून...”

“मला वाईट वाटंल म्हणून लोकांची कुत्री मारायची का? फोन द्या इकडं.”

“अगं तुझ्या चटणीचं नाव...”

“चटणी माणसाची हाय. माणसाला चांगलीच हाय. फोन द्या.”

काकासाहेबांनी फोन दिला. उषाबाईंना लिहायचा कंटाळा होता. त्या बहिणींशी नेहमी आवाज रेकॉर्ड करूनच बोलत. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि दुकानात उभ्या उभ्या बोलल्या:

“मी उषाबाई बोलतेय, काकासाहेबांच्या घरची. त्या खुराकात लसूण मीच टाकीत व्हते. मॅडमनं टाकू नका म्हणून सांगितल्तं, पण ते मला कुणी सांगितलं न्हाई. आमचा कलेक्टर त्याच लसणानं जालन्यात सलाईनवर पडलाय, उन्हाळी-बिन्हाळी काय न्हाई. ज्यांनी कुत्र्याला चटणी दिलीय त्यांनी आजपासून बंद करा, अन् कुत्रं मलूल वाटलं तर दवाखान्यात न्या. चटणी पोराबाळांना द्या, पाहुण्याला द्या, कुत्र्याला देऊ नका. बाकीचं मॅडमला इचारा.”

फोन त्यांनी नवऱ्याच्या हातात परत दिला. “आता तुमचं ते काढा. माझ्यासमोर काढा.”

काकासाहेबांनी मजकूर काढला. ते डबा उघडायला लागले, तशी उषाबाई म्हणाल्या, “जेवा. चटणी बाजूला ठिवलीय, लसणाची हाय,” आणि पायऱ्या उतरून गेल्या. भावना त्यांच्यामागोमाग बाहेर पडली. “मॅडम,” काकासाहेबांनी मागून हाक मारली. तिने वळून पाहिले. त्यांना काय म्हणायचे होते ते त्यांना सापडले नाही, आणि तिने शोधून दिले नाही.

घरी येईपर्यंत ग्रुपवर झुंबड उडाली होती. तिच्या सविस्तर मजकुराने जे झाले नव्हते ते उषाबाईंच्या आवाजाने झाले होते. ‘बंद केलं ताई.’ ‘आम्ही पण बंद.’ ‘उषावहिनी म्हणतेत म्हणजे खरं असणार.’  बद्रीनाथने नुसते तीन ठिपके टाकले होते. भावनाने ते सारे वाचले. परिणाम हवा होता तोच झाला होता, पण ज्या कारणासाठी व्हायला हवा होता त्यासाठी नाही. कुणाला तांबड्या पेशींबद्दल काही पटलेले नव्हते. चटणी उत्तम करणारी बाई म्हणते, म्हणून पटले होते. उद्या दुसरी एखादी उत्तम चटणी करणारी बाई उलट बोलली तर?

“झालं ना तुझ्या मनासारखं?” बेबीनंदाने विचारले. “मंग तोंड का असं?”

“मनासारखं झालं नाही, आई. बरोबर झालं.”

“दोन्हीत काय फरक असतो, ते लालीला सांग. मला स्वयंपाक हाये.”

संध्याकाळी डॉ. राजानंद यांचा फोन आला. रक्त उतरणे थांबले होते, कलेक्टरने थोडे पाणी पिऊन कंपाउंडरवर गुरगुरून घेतले होते. अजून सांगता येत नाही, पण लक्षण चांगले आहे, असे डॉक्टर म्हणाले. ‘अजून सांगता येत नाही’ हे शब्द ऐकून भावनाला बरे वाटले. कुणीतरी ते नीट वापरत होते.

फोन ठेवते तोच एका अनोळखी क्रमांकावरून निरोप आला. पाठवणाऱ्याचे नाव कल्याण होते. टेंभुर्णीकडचा कुणी शेतकरी असावा. सोबत एका तपकिरी, लहानखुऱ्या कुत्र्याचे छायाचित्र होते. कुत्र्यासमोर ताटली होती. ‘नमस्कार मॅडम. उषावहिनींनी तुम्हाला विचारा म्हणलं म्हणून विचारतो. लसूण आजपासून पूर्ण बंद केला. त्याच्याऐवजी कांदा किसून टाकला तर चालेल ना? आत्ताच टाकलाय.’

कांदा आणि लसूण एकाच घराण्यातले, एकाच तऱ्हेने रक्त फोडणारे. तिने ते त्या सविस्तर मजकुराच्या चौथ्या वाक्यात लिहिले होते. तिथे तो मजकूर म्हशींखाली अजूनही असणार.

भावनाने उत्तर लिहायला सुरुवात केली, ‘नाही, कारण...’ आणि थांबली. तिने लिहिलेले पुसले आणि तो क्रमांक फिरवला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

“कल्याणराव, मी भावना बोलतेय. कारण नंतर सांगते. आधी कुत्र्यासमोरची ताटली उचला.”

“आत्ता? खाऊन राह्यला ना तो, मॅडम...”

“आत्ता. उचला. मी फोन धरून आहे.”